गोड शेवटाची पुस्तकं वाचणं कमीपणाचं आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: "मी २६ वर्षांची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नोकरी करते. माझं एका मुलीवर प्रेम आहे, घरी माहीत नाही. रात्री पांघरुणात, फोनवर दोन मुलींच्या प्रेमाच्या गोड इंग्रजी गोष्टी वाचते. पुण्यातली एक मैत्रीण म्हणाली, हे काय बालिश वाचतेस, आत्मचरित्रं वाच, आपल्या लोकांनी काय सोसलंय ते तरी कळेल. तिने दिलेली दोन वाचली आणि पंधरा दिवस नीट झोप लागली नाही. कविता तर मला कळतच नाहीत. मी चुकतेय का? कुठून आणि कसं वाचू? मराठीत काय आहे? आणि जिच्यावर प्रेम आहे तिला इंग्रजी फारसं येत नाही, तर तिला फोनवर वाचून दाखवायला काय घेऊ?"

तुम्ही चुकत नाही. बाकी सगळं सांगण्याआधी एवढं सांगून टाकते.

मी बावीस वर्षं ग्रंथपालाचं काम करते आहे. त्यातली नऊ वर्षं महिन्यातला एक रविवार क्वीअर, म्हणजे समलिंगी, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) वगैरे वाचकांचा गट भरवते. कधी आठ जण येतात, कधी पंचवीस. कॉलेजची मुलं असतात, साठी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत, मुलांमुळे वाचायला लागलेल्या दोन आया आहेत. पहिल्या दोन-तीन वर्षांत मी एक चूक सतत केली. नवीन कुणी आलं की मी त्याच्या हातात सगळ्यात जड पुस्तक द्यायचे. मला वाटायचं, हे वाचलं की त्याला आपण एकटे नाही हे कळेल. पुढच्या रविवारी तो माणूस यायचा नाही. नंतर कधी भेटला तर म्हणायचा, "ताई, पुस्तक चांगलं होतं, पण मला तेव्हा ते झेपलं नाही." आता मी आधी विचारते, सध्या घरी कसं आहे, झोप येते का. मग पुस्तक देते.

तुमच्या मैत्रिणीला जो बालिश वाटतो त्या गोड शेवटाबद्दल मात्र मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

१९५२ साली अमेरिकेत 'स्प्रिंग फायर' नावाची कादंबरी निघाली. कॉलेजातल्या दोन मुलींच्या प्रेमाची. लेखिका मॅरिजेन मीकर, पण पुस्तकावर नाव व्हिन पॅकर. संपादकाने तिला आधीच बजावलं होतं की शेवट सुखाचा ठेवता येणार नाही, कारण ही पुस्तकं टपालाने जात आणि टपाल खात्याने हरकत घेतली तर गठ्ठेच्या गठ्ठे जप्त झाले असते. म्हणून कादंबरीच्या शेवटी एकीचं डोकं फिरतं आणि दुसरी ठरवते की आपलं हिच्यावर कधी प्रेम नव्हतंच. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथची 'द प्राइस ऑफ सॉल्ट' आली. तिच्या शेवटी नायिका आपल्या मैत्रिणीकडे परत चालत जाते. पण तिच्यावरही टोपणनाव होतं, आणि स्वतःच्या नावाने ते पुस्तक पुन्हा निघायला १९९० साल उजाडलं.

त्याच्याही आधीचा इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर. हा आपल्याला जरा जवळचा, कारण १९२१ साली तो देवास (थोरली पाती) या संस्थानाचे राजे तुकोजीराव पवार यांचा खाजगी सचिव होता, आणि त्या मराठी दरबाराबद्दल त्याने पुढे एक पुस्तकही लिहिलं. देवासला तो पहिल्यांदा गेला होता त्याआधी, १९१२-१३ च्या फेरीत. त्या फेरीहून इंग्लंडला परतल्यावर त्याच वर्षी त्याने 'मॉरिस' लिहायला घेतली. दोन पुरुषांचं प्रेम, आणि शेवटी दोघं एकत्र. १९१४ साली हस्तलिखित तयार होतं. छापलं गेलं १९७१ साली, तो वारल्यावर. सत्तावन्न वर्षं ते मित्रांच्या हातांतून फिरत राहिलं. १९६० साली त्याला जोडलेल्या टिपणात तो लिहितो की सुखाचा शेवट अपरिहार्य होता, नाहीतर मी हे लिहिण्याच्या खटाटोपात पडलोच नसतो. पुढे तो असंही म्हणतो की मुलगा फासाला लटकला असता किंवा दोघांनी मिळून जीव दिला असता तर पुस्तकाला काही अडचण आली नसती.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या आठवल्या. दोन मैत्रिणींनी विष घेतलं. दोघींनी रेल्वेखाली उडी घेतली. कारण अस्पष्ट. रूथ वनिता यांनी १९८० नंतरच्या अशा बातम्यांचा माग काढून २००५ साली एक पुस्तक लिहिलं, 'लव्ज राइट'. त्यात या आत्महत्या आहेत, आणि लहान गावांतल्या, साध्या घरांतल्या बायकांनी देवळात किंवा घरी एकमेकींशी लावलेली लग्नंसुद्धा आहेत. आत्महत्या सगळ्यांच्या लक्षात राहिल्या, लग्नं राहिली नाहीत. तुमच्या-माझ्यासारख्या वाचकांना शेवट म्हणून एकच गोष्ट वर्षानुवर्षं दाखवली गेली. तेव्हा रात्री पांघरुणात फोन धरून तुम्ही जो शेवट वाचता, तो छापता येऊ नये म्हणून किती लोकांनी किती काळ जोर लावला होता, हे त्या मैत्रिणीला जरूर सांगा. तिने चिडून जावं म्हणून नव्हे. तिला हे माहीत नसेल, आणि कळलं तर तिलाही आवडेल.

आता त्या गोष्टींबद्दल. इंग्रजीत हल्ली त्यांना 'कोझी' म्हणतात. उबदार म्हणा. यांच्यात संकटं असतात, पण 'आपण असे का आहोत' हे संकट नसतं. ट्रॅव्हिस बॉल्ड्री यांच्या 'लेजेंड्स अँड लाटेज'मध्ये (२०२२) विव्ह नावाची धिप्पाड लढवय्यी तलवार खाली ठेवते आणि ज्या गावात कॉफी कुणाला माहीत नाही तिथे कॉफीचं दुकान काढते. गिऱ्हाईक येईल का, भट्टी नीट बसेल का, दालचिनीचे रोल रोज पुरतील का, हे तिथले प्रश्न. दुकानात कामाला आलेल्या टँड्रीवर तिचं हळूहळू प्रेम बसतं आणि त्या प्रेमाबद्दल गावात कुणी चकार शब्द काढत नाही. आमच्या गटातली एक मुलगी हे पुस्तक तीनदा वाचून आली होती. ती म्हणाली, "यात कुणीही कुणाला समजावून सांगत बसत नाही. मला दिवसभर तेवढंच करावं लागतं."

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दिवसभर सांभाळून बोलणाऱ्या माणसाला रात्री दोनशे पानं अशी मिळतात, जिथे सांभाळावं लागत नाही. त्याने डोकं शांत होतं, आणि आणखी एक होतं: रोजचं आयुष्य कसं दिसेल याची चित्रं मनात साठतात. स्वयंपाकघरात दोघी आहेत, एकीने गॅस बारीक केला, दुसरी पिशवीतून भाजी काढतेय. ही चित्रं आपल्याला सिनेमातून किंवा घरच्या लग्नांच्या अल्बममधून कधी मिळाली नव्हती.

पण म्हणून सगळी उबदार पुस्तकं सारखी नाहीत, आणि ती डोळे मिटून वाचावीत असंही मी म्हणणार नाही. टी. जे. क्लून यांची 'द हाउस इन द सेरूलियन सी' (२०२०) आमच्या गटात सगळ्यांची लाडकी आहे. बेटावरचं अनाथालय, जादूची मुलं, त्यांची तपासणी करायला आलेला एकलकोंडा सरकारी कारकून आणि तिथले प्रेमळ संचालक. मीही वाचताना रडले. मग कळलं की कॅनडात आदिवासी कुटुंबांतली मुलं सरकारने उचलून परक्या घरांत ठेवली, त्या 'सिक्स्टीज स्कूप'बद्दल वाचून लेखकाला ही कल्पना सुचली होती. तसं त्याने स्वतःच मुलाखतीत सांगितलं, आणि त्यावर बरीच टीका झाली. मुलं आईबापांपासून तोडणाऱ्या व्यवस्थेतला एखादा चांगला माणूस शोधून आपण समाधान मानायचं का, यावर आमच्याकडे अडीच तास चर्चा चालली. पुस्तक कुणी टाकून दिलं नाही. पण दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येकाचं लक्ष वेगळ्या ठिकाणी गेलं.

दुसरी एक गोष्ट मला या प्रकारात खटकते. यातल्या माणसांना घरमालक नसतो. दुकानाला जागा मिळते, वरच्या मजल्यावर राहायला खोली मिळते. आपल्याकडे दोन मुलींना भाड्याने घर मिळण्यापासून गोष्ट सुरू होते. म्हणून भारतात घडणारी एखादी मुद्दाम वाचा. शेरीन मुनीर यांची 'फॉलिंग इन्टू प्लेस' दिल्लीत घडते. तारा आणि समीन. पावसाच्या संध्याकाळी झालेली ओळख, आणि 'या देशात आपलं पुढे काही होऊ शकत नाही' असं मनाशी पक्कं धरून बसलेली तारा. तिची भीती तुम्हाला ओळखीची वाटेल. आणि मन लागलं तर रूथ वनिता यांची 'मेमरी ऑफ लाइट' (२०२०) घ्या: अठराव्या शतकातलं लखनौ, दोन तवायफांचं प्रेम, भोवती शायर. त्या काळच्या उर्दू रेख्तीत, म्हणजे बायकांच्या बोलीत लिहिलेल्या कवितेत, बायकांचं आपसातलं प्रेम उघडपणे येत असे. वनिता त्या कवितेच्या अभ्यासक आहेत, त्यामुळे कादंबरीत कपडे, जेवण, मस्करी सगळं खरं वाटतं. वेग कमी आहे. घाई असेल तेव्हा हातात घेऊ नका.

आता आत्मचरित्रं. तुम्हाला झोप लागली नाही याचा अर्थ तुम्ही कच्च्या आहात असा होत नाही. मला वाटतं, ती पुस्तकं तुम्हाला ज्या तऱ्हेने वाचायला सांगितली त्यात गडबड आहे.

मराठी वाचकाला आत्मकथन कसं वाचायचं हे दलित लेखकांनी शिकवलं. १९७८ च्या 'बलुतं'पासून पुढे जे आलं त्याने आपल्या वाचनाचा कणा ताठ केला. ते ऋण मोठं आहे. पण त्याचबरोबर वाचकांना एक सवय लागली: समोरच्याने जखम उघडून दाखवली की ती खरी, नाही दाखवली तर वरवरची. दलित लेखकांनाही या सवयीचा जाच झालाच. तीच सवय घेऊन आपण क्वीअर पुस्तकांकडे जातो. माणसाने मार खाल्लेला असावा, घरातून हाकललेलं असावं, मग त्याचं म्हणणं ऐकायचं. तुमची मैत्रीण 'काय सोसलंय ते कळेल' म्हणते तेव्हा तिच्याही नकळत ती हेच म्हणते. आणि तुम्ही तर बाहेरून बघणाऱ्या वाचक नाही. त्या पानांवरचं दुःख तुम्हाला माहिती म्हणून लागत नाही, ते थेट तुमच्या घरच्या दारापर्यंत येतं.

म्हणून आत्मचरित्र घ्याल तेव्हा आधी दोन गोष्टी बघत जा. एक, ते कोणत्या साली लिहिलं. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची धार बोथट केली, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली, १५ एप्रिल २०१४ ला पारलिंगी व्यक्तींची ओळख मान्य केली, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ गेलं. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारला गेला. लेखक यातल्या कुठल्या तारखेच्या अलीकडे किंवा पलीकडे उभा आहे त्यावर त्याने काय लपवलं आणि काय मोकळेपणी लिहिलं हे ठरतं. दुसरं, शब्द कुणाच्या हातचे आहेत. 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' (२०१२) हे लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं बोलणं आहे आणि शब्दांकन वैशाली रोडे यांचं. पारलिंगी लेखिका ए. रेवती यांनी आपली गोष्ट तमिळमध्ये लिहिली, पण ती आधी बाहेर आली व्ही. गीता यांच्या इंग्रजी अनुवादातून, २०१० साली 'द ट्रूथ अबाउट मी' या नावाने. तमिळ पुस्तक त्यानंतर आलं. आपल्याच भाषेतल्या लोकांना सर्वांत शेवटी सांगणं म्हणजे काय, याचा विचार करत ते वाचलं की ते वेगळंच लागतं.

रेवती यांचं पुस्तक मोठं आहे, पण सध्या तुमच्यासाठी नाही. पोलीस आणि गुंड यांच्या हिंसेची पानं त्यात बरीच आहेत. दिवसा वाचा, सुट्टीच्या दिवशी, एका वेळी वीसेक पानं, आणि रात्री नको.

सध्या घ्यायचं असेल तर ॲलिसन बेक्डेल यांचं 'फन होम' (२००६) घ्या. चित्रांतून सांगितलेलं आत्मचरित्र आहे. वडील अंत्यविधीचं दुकान चालवायचे, शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि स्वतःचं पुरुषांवरचं प्रेम आयुष्यभर लपवून जगले. मुलीने घरी पत्राने स्वतःबद्दल कळवलं आणि काही महिन्यांतच ते गेले. दुःखाचीच गोष्ट आहे, पण लेखिका आपल्याला रडवायला बसलेली नाही. ती वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटातून, वॉलपेपरच्या नक्षीतून, स्वतःच्या लहानपणीच्या डायरीतून त्यांना शोधत जाते. चित्रं असल्यामुळे थांबता येतं, श्वास घेता येतो. सांता खुराई यांचं 'द येलो स्पॅरो' (२०२३) मणिपूरचं. मैतेयी भाषेतून इंग्रजीत आलेलं. ते पुढच्या वर्षासाठी ठेवा.

आणि एक पुस्तक मी प्रेमात पडलेल्या प्रत्येकीला कधी ना कधी देते: कार्मेन मारिया माचाडो यांचं 'इन द ड्रीम हाउस' (२०१९). एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीशी असलेल्या नात्यात सोसलेली हिंसा. प्रत्येक छोटं प्रकरण वेगळ्या साच्यात लिहिलंय: एक भुताच्या गोष्टीसारखं, एक 'अमुक करायचं असेल तर तमुक पानावर जा' अशा खेळासारखं, आणि त्या खेळात कुठलंही पान निवडलं तरी सुटका होत नाही. गोड गोष्टी खूप वाचल्या की मनात बसतं, दोघी मुलीच आहेत म्हणजे सगळं छानच असणार. तसं नसतं. आणि नसेल तेव्हा सांगायला शब्द हवेत. हे आज वाचा असं म्हणत नाही. असं एक पुस्तक आहे हे लक्षात ठेवा.

कविता कळत नाहीत म्हणता, तर मला वाटतं तुम्ही संग्रह पहिल्या पानापासून कादंबरीसारखे वाचत असाल. तसं करू नका. अदिती अंगिरस आणि अखिल कात्याल यांनी संपादित केलेला 'द वर्ल्ड दॅट बिलाँग्स टू अस' (२०२०) हा दक्षिण आशियातल्या क्वीअर कवितांचा जाड संग्रह आहे. कुठलंही पान उघडा. नाही आवडली, पुढची. आवडली तर तीच तीन दिवस वाचा, मोठ्याने, भांडी घासताना वगैरे. कात्याल यांच्या स्वतःच्या कवितांनी सुरुवात केलीत तरी चालेल. दिल्लीतली मेट्रो, खोलीभाडं, गेलेला मित्र, असं रोजचं असतं आणि भाषा अवघड नसते. मराठीत दिशा पिंकी शेख यांच्या कविता मिळवा. पारलिंगी बाई म्हणून जगताना जात, भूक आणि शरीर या तिन्हींबद्दल त्या एका दमात बोलतात, आणि ऐकताना त्या जास्त भिडतात.

मराठीतल्या बाकी पुस्तकांबद्दल. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) आधी वाचा. पुण्यातलं घर, वरच्या खोलीत आलेला भाडेकरू, आणि त्याच्यावर प्रेम करणारी भाऊ-बहीण, तनय आणि अनुजा. अर्धं पुस्तक तनय त्या निघून गेलेल्या माणसाला 'तू' म्हणून सांगतो, उरलेलं अनुजाची डायरी आहे. जेरी पिंटो यांनी ते २०१३ साली इंग्रजीत नेलं. शेवट गोड नाही, पण कुणाला शिक्षाही झालेली नाही, आणि घरातली शांतता कशी चिरत जाते हे मराठीत इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. बिंदुमाधव खिरे यांचं 'पार्टनर' वयात येणाऱ्या समलिंगी मुलाबद्दल आहे, आणि त्यांचं 'इंद्रधनू' माहितीसाठी उत्तम. उद्या घरी सांगायची वेळ आली तर आईच्या हाती देण्यासारखं. खिरे यांनी २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला. पुष्कळ मराठी आईवडिलांनी या विषयावरचं पहिलं मराठी वाक्य त्यांच्याच पुस्तकात वाचलं. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' (१९८१) हे मोठं नाटक आहे, पण त्यात मुलीवर प्रेम करणारी मित्रा शेवटी जीव देते. तुम्ही ते आत्ता वाचू नये असं मला वाटतं.

आणि दोन मराठी मुलींची उबदार, गोड शेवटाची कादंबरी? माझ्या वाचकांच्या हाती विश्वासाने देता येईल अशी मला अजून मिळालेली नाही. याचं मला वाईट वाटतं. मी दरवर्षी दिवाळी अंक याच आशेने चाळते.

घरी लपवून वाचण्याबद्दल तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण पांघरुणाचा उल्लेख केलात म्हणून सांगते. फोन घरातलं दुसरं कुणी हाताळत असेल तर वाचनाच्या ॲपला वेगळं कुलूप लावा आणि त्याच्या सूचना बंद करा, कारण 'तुम्हाला आवडेल' म्हणून येणारी मुखपृष्ठं नको त्या वेळी झळकतात. किंडलचं खातं घरच्यांबरोबर एकच असेल तर तुम्ही घेतलेलं पुस्तक त्यांच्याही यादीत दिसू शकतं, हे तपासा. कागदी पुस्तक मागवायचं तर कचेरीच्या पत्त्यावर मागवा. जवळ चांगलं वाचनालय असेल तर तिथल्या ग्रंथपालाला विचारायला घाबरू नका. कुणी काय नेलं हे तिसऱ्याला न सांगणं हा आमच्या कामाचा भाग आहे.

सगळीकडे तो पाळला जातो असं मात्र नाही. मी पूर्वी ज्या ग्रंथालयात होते तिथे ही पुस्तकं रोगांच्या पुस्तकांशेजारी कुलपाच्या कपाटात असायची. एक मुलगा तीन वेळा त्या कपाटापर्यंत आला आणि किल्ली न मागता गेला. ड्युईच्या वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, या विषयाला आज ३०६.७६ हा समाजशास्त्रातला क्रमांक आहे, पण एके काळी तो मनोविकारांमध्ये होता, आणि जुनी कपाटं जुन्या क्रमांकांनुसारच लावलेली राहतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले. त्यातला एक, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. मी ती पुस्तकं कादंबऱ्यांच्या शेल्फवर, मोकळी, आणून ठेवली. तो मुलगा पुन्हा आला की नाही मला कळलं नाही.

राहिला शेवटचा प्रश्न: तिला वाचून काय दाखवायचं.

बेकी चेंबर्स यांचं 'अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट' (२०२१) घ्या. दीडेकशे पानांचं आहे. डेक्स हा चहा-भिक्षू. गावोगाव गाडी घेऊन जायचं, टेबल मांडायचं, लोक येऊन आपलं दुखणं-खुपणं सांगतात, ते ऐकून ज्याला त्याला योग्य तो चहा करून द्यायचा. पुढे रानात मॉसकॅप नावाचा यंत्रमानव भेटतो आणि विचारतो, माणसांना काय हवं आहे? तिथून पुढचं पुस्तक म्हणजे या दोघांचं चालता-चालता बोलणं. प्रेमकथा नाही, पण फोनवर रात्री वाचायला याच्याइतकं चांगलं माझ्या माहितीत दुसरं नाही. तुम्ही एक परिच्छेद मनात वाचायचा आणि तिला मराठीत सांगायचा. आम्ही गटात असंच केलं.

त्यात एक अडचण येईल, ती आधीच सांगते. डेक्स स्त्री नाही, पुरुष नाही. इंग्रजीत त्यासाठी 'दे' (they) हे सर्वनाम चालतं. मॉसकॅप स्वतःला 'इट' (it) म्हणवून घेतं. मराठीत क्रियापदच सगळं सांगून टाकतं: गेला, गेली, गेलं. वर मी 'हा चहा-भिक्षू' आणि 'यंत्रमानव भेटतो' लिहिलं, ते लिहितानाच मला खटकलं. 'डेक्स गेले' म्हणावं तर कुणी आदरणीय पुरुष वाटतो. 'डेक्स गेलं' म्हणावं तर काहींना वस्तूसारखं वाटलं. पण आमच्यातल्या एका आईने सांगितलं, लेकरू आलं, पोरगं जेवलं, असं आपण मायेने म्हणतोच की. आम्ही तिचं ऐकलं.

तुमच्याकडे आणखी एक वाट आहे जी आम्हा पुणेकरांना नाही. कोल्हापूरकडे बायकाही 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. तुम्ही दोघी घरात तसंच बोलत असाल, तर डेक्सच्या तोंडी 'मी निघालो' आल्यावर तो पुरुष की स्त्री असा प्रश्नच तिला पडणार नाही. आणि जिथे अगदीच अडेल तिथे वाक्य भविष्यकाळात न्या. मराठी भविष्यकाळात स्त्री-पुरुष भेद नाही. मी येईन, तू येशील, डेक्स चहा करेल. हिंदीत ही सोय नाही.

पहिलं प्रकरण सांगत-सांगत वाचायला साधारण तासभर लागतो. सुरू करण्याआधी डेक्सचं क्रियापद दोघींनी मिळून ठरवा, आणि मॉसकॅपचं तिला एकटीला ठरवू द्या.